पाच वाजताचं जहाज आणि एक कॅरेटचा हिरा

'घे रे दादा. एवढ्या पैशात लक्ष्मी रोडवर अर्ध्या कॅरेटचाही येणार नाही.'

हे वाक्य माझं. डिसेंबर २०२३, दुपारचे साडेतीन, स्थळ कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरचं हिऱ्यांचं एक चकचकीत दुकान. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, न्यू जर्सीला सॉफ्टवेअरमध्ये. आणि मला हिऱ्यातलं किती कळत होतं? जाहिरातीत वाचलेले फोर सी, बास. पण आपण पत्रकार ना! आपल्याला सगळ्यातलं सगळं कळतं, असा एक गोड गैरसमज असतोच.

त्या गैरसमजाची किंमत २,९०० डॉलर. तेव्हाच्या भावाने सुमारे दोन लाख चाळीस हजार रुपये. आणि खरी किंमत त्याहून जास्त, ती पुढे येईलच.

तर झालं असं. दादाचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी एकदा मावशी-काकांना घेऊन क्रूझ करायची अशी त्याची फार दिवसांची इच्छा, आणि मी त्याच सुमारास सुट्टीसाठी अमेरिकेत टपकलेली. फ्लोरिडातून निघायचं, सात दिवसांत सेंट थॉमस, सेंट मार्टिन, बहामा करून परत. जहाज म्हणजे तरंगतं फाइव्ह स्टार हॉटेल. मावशीने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की इथे भांडी घासायची नाहीत म्हणजे हाच स्वर्ग.

दुसऱ्या दिवशी भर समुद्रात, जिथे उतरायला जागाच नसते, तेव्हा थिएटरमध्ये 'शॉपिंग टॉक' असतो. एक हसतमुख मुलगी स्टेजवर येते, उद्याच्या बेटाचा नकाशा वाटते आणि कोणत्या दुकानात काय घ्यायचं ते सांगते. नकाशावर समुद्रकिनारे नावापुरते, दुकानं मात्र ठळक! सोबत कुपन्स. इथे फुकट ब्रेसलेट, तिथे त्या ब्रेसलेटला लटकवायचं फुकट पदक, पलीकडे फुकट खडा. मावशीने सगळी कुपन्स व्यवस्थित पर्समध्ये ठेवली. 'फुकटचं कोण सोडतं?' तिचं म्हणणं. नेमक्या याच भरवशावर तो नकाशा छापलेला असतो.

आता नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं, ते मी परत आल्यावर वाचलं. 'शिफारस केलेल्या' दुकानांनी त्या जाहिरातीसाठी पैसे मोजलेले असतात. म्हणजे शिफारस ही जाहिरात आहे, परीक्षा नाही. दुकानाचा माल कुणी तपासून पाहिलाय असा त्याचा अर्थ बिलकूल होत नाही. आम्ही मात्र 'जहाजवाल्यांनी सांगितलंय म्हणजे बघूनच सांगितलं असणार' या थाटात निघालो होतो.

उल्हासनगरचा माणूस

सेंट थॉमस बेट मोठं मजेशीर आहे. डेन्मार्ककडून अमेरिकेने १९१७ मध्ये ही बेटं अडीच कोटी डॉलरना विकत घेतली. अमेरिकेचा भाग असूनही गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. शार्लट अमाली या गावाच्या मेन स्ट्रीटवर डॅनिश काळातली जुनी दगडी गोदामं आहेत, जाड भिंतींची, कमानींची. पूर्वी त्यांत बोटींतून उतरलेला व्यापाराचा माल असायचा. आज त्यांतल्या कित्येकांत हिरे आहेत. दुकानाला लागून दुकान, प्रत्येकाच्या दारात एक जण 'फ्री गिफ्ट, मॅम' म्हणत उभा.

आणि आत? आत चक्क आपली माणसं! कॅरिबियन बंदरांत दागिन्यांच्या व्यवसायात सिंधी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आम्ही ज्या दुकानात शिरलो तिथला सेल्समन आम्हाला बघून हिंदीत बोलायला लागला आणि पुण्याचं नाव काढल्यावर मराठीत. उल्हासनगरचा निघाला. मावशीला 'मावशी' म्हणाला, काकांना खुर्ची दिली, चहा मागवला. सात समुद्रापार कुणी मराठीत 'बसा ना' म्हटलं की आपण विरघळतो. त्या क्षणी ते दुकान परकं राहिलं नाही. इथेच आमची अर्धी लढाई हरली होती.

अंगठी सुरेख होती. १४ कॅरेटचं पांढरं सोनं, वर एक गोल हिरा, १.०१ कॅरेट. किंमत सांगितली ६,८००. मग 'आपल्या लोकांसाठी' ५,२००. मग साहेबांना विचारून ४,०००. मी बाहेर जायला निघाले (हा माझा तुळशीबागेतला हुकमी डाव), तेव्हा ३,२००. घड्याळ साडेतीनचं. साडेचारपर्यंत जहाजावर परत, पाचला जहाज सुटणार. शेवटी २,९००. मला तर ऑलिंपिक मेडल जिंकल्यासारखं वाटत होतं.

त्याने हिऱ्याला पेनसारखं एक यंत्र लावून दाखवलं. पीऽप. 'बघा, अस्सल.' खोटं नव्हतंच ते. पण ते यंत्र काय सांगतं, हे कुणी विचारलं नाही. खड्यातून उष्णता किती झपाट्याने वाहते, एवढंच ते मोजतं. काचेपासून हिरा वेगळा ओळखतं. मोइसनाइट नावाचा कृत्रिम खडाही साध्या यंत्राला फसवू शकतो. आणि हिरा खाणीतला आहे की प्रयोगशाळेतला, त्याच्यावर काही प्रक्रिया केलीय का, यातलं काहीही त्या 'पीऽप'मध्ये नसतं.

वरून दुकानातले दिवे. छतावर डझनावारी स्पॉटलाइट्स. त्या उजेडात हिराच काय, बाटलीची काचसुद्धा चमकेल. दारात नेऊन, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात बघायला हवी होती अंगठी. दार दहा पावलांवर होतं. नाही गेलो.

मावशीने तेवढ्यात टँझनाइटचे कानातले घेतले, तो भाग वेगळा. निळा-जांभळा सुंदर खडा. १९६७ मध्ये टांझानियात सापडला, जगात फक्त तिथेच मिळतो, हे सगळं खरं. 'खाण संपत आलीय, नंतर मिळणार नाही' हे मात्र विक्रीचं वाक्य. आणि हा खडा हिऱ्यापेक्षा खूपच मऊ असतो, कठीणपणात हिरा १० तर हा ६ ते ७. कानात ठीक आहे. मावशी त्याची अंगठी घेणार होती, रोज घालायला! काकांनी नाही म्हटलं म्हणून वाचली.

चार दिवसांवर साखरपुडा

फेब्रुवारी २०२४. दादा पुण्यात. साखरपुड्याला चार दिवस. अंगठी होणाऱ्या वहिनीच्या बोटात सैल. काहीच प्रॉब्लेम नाही, आमचे सोनारकाका आहेत ना सोन्या मारुती चौकाजवळ! आजीच्या पाटल्या, आईचं मंगळसूत्र, माझ्या बारशाचे बाळ्या-वाळे, सगळं त्यांच्या वडिलांच्या नाहीतर त्यांच्या हातचं. अंगठी लहान करायची म्हणजे कडीतला छोटा तुकडा कापायचा, टोकं जुळवायची आणि आच देऊन डाग द्यायचा. काकांचं हे आयुष्यभराचं काम.

दुसऱ्या दिवशी अंगठी परत आली तेव्हा हिऱ्यात एक पांढुरकी रेघ होती. वरून बघितलं तरी दिसणारी. जणू दुधाचा ओघळ आत गोठलाय.

मावशी काय म्हणाली ते आजही माझ्या कानात आहे. 'बदलला मेल्याने.'

आपल्याकडे सोनाराबद्दलचा संशय हा घराघरांत शिजत असतो, फक्त फोडणी पडायची बाकी असते. मावशी थेट दुकानात गेली. दोन गिऱ्हाइकं समोर बसलेली असताना म्हणाली, की तीन पिढ्यांचा विश्वास तुम्ही एका खड्यासाठी विकलात. मी सोबत होते. मी काही बोलले नाही. काकांनी वही काढली, अंगठी घेताना केलेलं वजन दाखवलं, कापलेला सोन्याचा एवढासा तुकडाही कागदाच्या पुडीत बांधून परत दिला. आच देण्याआधी नेहमीसारखं सगळं केलं होतं, असं सांगितलं. मावशीने पुडी घेतली आणि चालू लागली. काकांचा मुलगा आमच्याकडे ज्या नजरेने बघत होता, ते मी लिहू शकत नाही.

वहिनीच्या घरी काय सांगायचं हा दुसरा ताप. दादा म्हणाला पोलिसांत जाऊ. मी म्हटलं, आधी कुणाला तरी दाखवू.

माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा नवरा मुंबईत हिऱ्यांची दलाली करतो, बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्समध्ये. सकाळची गाडी पकडून गेलो. मी अंगठीची डबी पुढे केली, तर म्हणाला, 'खडा नंतर. आधी बिल दाखव.'

दादाच्या फोनमध्ये बिलाचा फोटो होता. त्याने तो मोठा केला, तीन सेकंद बघितला आणि बोट ठेवलं. वजनापुढे दोन अक्षरं होती. सी. ई.

क्लॅरिटी एनहान्स्ड.

म्हणजे काय, तर हिऱ्याच्या आत भेगा होत्या. त्या भेगांमध्ये काचेसारखा पदार्थ भरला. मग भेग डोळ्यांना दिसेनाशी होते आणि बऱ्यापैकी खराब हिरा स्वच्छ हिऱ्यासारखा दिसायला लागतो. हे तंत्र १९८० च्या दशकापासून चालत आलंय. हिरा खरा, खाणीतला, वजन खरं. फक्त त्याची स्वच्छता म्हणजे भिंतीच्या भेगेत लांबी भरून वर रंग दिल्यासारखी. आणि ही 'लांबी' कायमची नसते. सोनाराच्या आचेने ती जाते. साध्या, न भरलेल्या हिऱ्याला नीट काळजी घेतली तर त्या आचेने काही होत नाही. आमच्या हिऱ्यात आच लागताच आतलं भरण बिघडलं आणि मुळात असलेली भेग उघडी पडली.

त्याने मग अंगठी भिंगाखाली धरून मला दाखवली. हळूहळू कलती केली. भेगेच्या एका कोपऱ्यात भरण थोडं शिल्लक होतं, तिथे एकदम केशरी झाक चमकली, अजून थोडी कलती केल्यावर निळी. 'हीच खूण,' तो म्हणाला. 'दुकानात दहापट भिंग मागून दोन मिनिटं असं हलवून बघितलं असतंत, तर तुलाही दिसलं असतं.'

हिरा बदललेला नव्हता. तोच होता.

फसवलं का मग?

प्रामाणिकपणे सांगायचं तर याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. हिऱ्यावर अशी टिकाऊ नसलेली प्रक्रिया केली असेल तर ती ग्राहकाला सांगितली पाहिजे, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दुकानाने 'सांगितलं' होतं. दोन अक्षरांत. खाली एक छापील ओळ होती, की खड्यावरच्या सर्व प्रक्रिया ग्राहकाला समजावून दिल्या आहेत, आणि त्याखाली दादाची सही. सही करताना मी त्याला काय म्हणत होते? 'लवकर कर, साडेचार वाजतील.'

उल्हासनगरच्या त्या माणसाला मी व्हिलन करणार नाही. पण त्याने चहा, खुर्ची, मावशी, सगळं मराठीत केलं आणि नेमकं एवढंच इंग्रजीत ठेवलं, हे मी विसरलेले नाही.

दादाने दुकानाला मेल केली. उत्तर अतिशय सभ्य आलं, सोबत सही केलेल्या बिलाची कॉपी. जहाजाकडून मिळालेली 'गॅरंटी' काढून बघितली. अशी गॅरंटी साधारण ३० ते ६० दिवसांची असते. आमचे दिवस उलटून गेले होते. आणि दिवस शिल्लक असते तरी काय? वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळाली, घेतल्याचा पश्चात्ताप झाला, हाताळताना खराब झाली, यातलं काहीच त्यात बसत नाही. क्रेडिट कार्ड कंपनीकडे तक्रार केली, त्यांनी बिल मागितलं, बिल बघितलं आणि विषय संपला. तरीही पैसे कार्डानेच भरा, असं मी म्हणेन. बिलावर खोटं लिहिलं असतं तर भांडायला निदान ती एक जागा होती. रोख दिले असते तर तीही नाही. कारण दुकानात पुन्हा जाऊन काउंटरवर हात आपटण्याची सोय इथे नसते. लक्ष्मी रोडच्या दुकानदाराला माहीत असतं, की ही बाई उद्या परत येऊ शकते. बंदरावरच्या दुकानदाराला हेही माहीत असतं, की ही बाई उद्या दुसऱ्या देशात असेल.

आणि हे फक्त कॅरिबियनमध्ये नाही. उन्हाळ्यात जहाजं अलास्काला जातात, तेव्हा स्कॅगवेसारख्या जेमतेम हजार-बाराशे वस्तीच्या गावातही हिऱ्यांची दुकानं सीझनपुरती उघडतात. ग्राहक तोच, घड्याळही तेच.

'ड्यूटी फ्री' या शब्दाचीही जरा हवा काढते. दुकानाने माल आणताना कर भरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो वाचलेला पैसा तुम्हाला मिळतो की भाड्यात, कमिशनमध्ये आणि नकाशावरच्या त्या ठळक चौकोनात जातो, हे दुकानदार ठरवतो. त्यात आपण भारतीयांनी तिकडे हिरे घ्यायचे म्हणजे आणखी गंमत. जगातल्या दहापैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू भारतात पडतात, मुख्यतः सुरतेत. आम्ही सेंट थॉमसला घासाघीस करत होतो, त्याच डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेत नऊ टॉवर्सच्या अजस्र डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं. म्हणजे आमचा हिरा बहुधा सुरतेहून निघून, मुंबईवरून, अर्धं जग फिरून एका पुणेकरालाच विकला गेला. आणि तो पुणेकर 'काय स्वस्तात मिळाला' म्हणून खूश!

दलाल मित्राने त्या दिवशी बरंच शिकवलं. एक म्हणजे, दुकानदाराने दिलेलं 'व्हॅल्युएशन' हे सर्टिफिकेट नव्हे. आमच्या कागदावर अंगठीची किंमत ६,८०० डॉलर लिहिली होती. लिहायला काय जातं? खरा कागद जीआयएसारख्या, विक्रीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेचा. त्याचा नंबर बहुतेक वेळा हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो आणि जीआयएच्या वेबसाइटवर तपासता येतो. भेग भरलेल्या हिऱ्याला जीआयए ग्रेडिंग रिपोर्ट देतच नाही. त्यामुळे 'रिपोर्टसकट दाखवा' एवढं एक वाक्य म्हटलं असतं तरी आमचा हिरा त्या ट्रेमधून गायब झाला असता. दुसरं, 'टोटल कॅरेट वेट'. दहा-दहा सेंटचे दहा खडे मिळून एक कॅरेट होतो, पण त्याची किंमत एक कॅरेटच्या एका हिऱ्याच्या जवळपासही जात नाही.

आज तर लॅबग्रोनचा प्रश्न याहून मोठा आहे. तोही रासायनिकदृष्ट्या हिराच, नुसत्या डोळ्यांनी किंवा भिंगाने ओळखणं जवळजवळ अशक्य. पण भाव कोसळलेत. डी बीअर्सने २०१८ मध्ये लाइटबॉक्स हा लॅबग्रोन ब्रँड ८०० डॉलर कॅरेटने काढला आणि २०२५ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. लॅबग्रोन म्हणून, लॅबग्रोनच्या भावात घेतला तर माझी काहीच हरकत नाही, उलट मी स्वतः घेईन. खाणीतल्या भावात गळ्यात पडला तर मात्र बसा रडत.

आणि हो, कस्टम्स. अमेरिकेत राहणाऱ्यांना परतताना साधारणपणे ८०० डॉलरपर्यंत सूट असते, यूएस व्हर्जिन आयलंड्सहून येत असाल तर १,६००. वरच्या रकमेचं दादाने नीट डिक्लेअर केलं. आपण भारतातून दहा दिवसांसाठी गेलो असू तर दागिन्यांची ती वेगळी सवलत आपल्याला लागूच होत नाही. ती वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. 'अंगात घालून आणू, कोण बघतंय' हा फंडा विमानतळावर अनेकांना महागात पडलाय.

पुन्हा सोन्या मारुती चौक

मुंबईहून परतताना मी आणि दादा गाडीत गप्पच होतो. घरी आल्यावर त्याने मावशीला बिलाचा फोटो दाखवून सगळं सांगितलं. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, साडी बदलली आणि म्हणाली, 'चला.'

दुकानात या वेळीही गिऱ्हाइकं होती. मावशीने ती जायची वाट बघितली नाही. ज्या आवाजात भांडली होती, त्याच आवाजात माफी मागितली. सोनारकाका म्हणाले, 'बसा वहिनी, पाणी घ्या.' बाकी काही नाही. त्यांचा मुलगा आत निघून गेला.

साखरपुडा त्याच अंगठीने झाला. वहिनीला दादाने आधीच सगळं खरं सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, नवीन घेऊ नकोस, उगाच अजून खर्च. भेग असलेली बाजू तिने थोडी आतल्या अंगाला वळवून घातली. फोटोत काही दिसत नाही. भरण पुन्हा करून घेता येतं म्हणे, पण अजून तरी तिने केलेलं नाही.

मागच्या महिन्यात मी माझी एक जुनी अंगठी घेऊन काकांकडे गेले होते. साधीच, मधे छोटासा हिरा. काकांनी ती हातात घेतली आणि वजन करायच्या आधी भिंग माझ्यासमोर सरकवलं. 'आधी तुम्ही बघा. काय दिसतं ते सांगा, मी लिहून घेतो.' वहीत नवा रकाना होता, खड्याच्या वर्णनाचा, आणि त्यापुढे गिऱ्हाइकाच्या सहीचा. मी म्हटलं, काका, माझ्याकडून कशाला? ते म्हणाले, 'आता सगळ्यांकडूनच घेतो.'

मी भिंग डोळ्याला लावलं, अंगठी हळूहळू कलती केली. काही नव्हतं. तसं सांगितलं, त्यांनी लिहिलं आणि मी सही केली. या वेळी वरचं सगळं वाचून.